दिव्याचा जुना पत्ता

"नाव काऊन देऊ? मी मरून राहिलो का?" असं म्हणत आमचा जुना प्रोग्रामर उजवा पंजा कॉम्प्युटरच्या पडद्यावर पालथा ठेवायचा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच.

गोंदियातल्या आमच्या कारखान्यात राइस मिलच्या मशिनी चालवणारी कार्डं बनत. कार्डावरच्या चिपमध्ये मोटर, दिवा, भोंगा, प्रत्येकाचा एक पत्ता, म्हणजे लांबलचक आकडा. त्या पत्त्यावर हुकूम लिहिला की ती वस्तू चालू. शहाणी माणसं प्रोग्रामच्या सुरुवातीलाच प्रत्येक आकड्याला नाव देतात आणि पुढे नावच वापरतात. हा बाबा जागोजागी नुसते आकडे खुपसायचा. एकदा मी त्याच्या प्रोग्राममध्ये नावं घातली, तर सकाळी सगळी पुसलेली. वर चारचौघांत म्हणाला, "बाई, पाट्याच लावाच्या असन तं आपल्या दारावर लावा!" सगळे हसले. मी दातओठ खात बसले.

खरं सांगू? भ्यायचा तो. नावं लिहिली की आपल्यावाचून काम चालेल आणि मालक हाकलेल, ही धास्ती. पन्नाशीच्या माणसाला गोंदियात दुसरं कोण ठेवणार होतं?

मग चिप बदलली. दिव्याचा जुना पत्ता नव्या चिपमध्ये मोटरचा झाला. नावं असती तर सुरुवातीचीच एकेक ओळ बदलून भागलं असतं. यानं सगळे आकडे आठवून आठवून बदलले. दिव्याचा एक तसाच राहिला.

आमगावच्या मिलमध्ये कार्ड बसवताना धान वर नेणारा पट्टा अडकला. यानं आत हात घातला आणि मिलच्या माणसाला ओरडला, "दिसून नाही राहिलं, दिवा लाव!" त्यानं दिव्याचंच बटण दाबलं. पट्टा फिरला.

उजवा हात मनगटापासून गेला. जखम भरल्यावर तो कामावर आला. मालक गोड बोलले, "आप बोलो, मॅडम लिखेगी." तो सांगत गेला, मी लिहीत गेले. प्रत्येक आकडा, त्यासमोर नाव. शेवटी तो मेला आकडा आला.

"याला काय लिहू?"

बाहीच्या रिकाम्या टोकाकडे पाहत तो म्हणाला, "मोटर लिवा. आता कायले लपवाचं?"

मालक दारातच उभे होते. "हो गया पूरा?"

"झालं."

"फिर कल से घर बैठो, भाई. आराम करो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सेठ, अहो, असं काय करता!" मी ओरडलेच. ते सरळ त्याच्या टेबलाकडे निघाले.

तो डबा भरायला लागला. एका हाताने झाकण लागेना. पोटाशी दाबून पाहिलं, तरी लागेना. मी मदतीला उठेपर्यंत मालकांनी त्याची खुर्ची माझ्या टेबलाकडे सरकवली होती, "अब ये आपकी, मॅडम."