मंदाताई आणि दवाखान्याचं फाटक

मंदाताई कुणाच्याही घरी बसायच्या नाहीत. चहा दिला तर उंबऱ्यात उभ्या राहून प्यायच्या आणि बोलता बोलता या पायावरून त्या पायावर व्हायच्या. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या शेजारच्या खोल्यांत त्या, त्यांचे यजमान अरुणभाऊ आणि मुलगी प्राची राहत. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात त्या शिवून आलेल्या पँटींचे सुटे धागे कापायच्या, तेही उभ्यानंच. "बसलं की भीती मांडीवर येऊन बसते, वहिनी," असं म्हणायच्या. मला ती थट्टा वाटायची.

एक भीती मात्र साऱ्या मजल्याला ठाऊक होती. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या घरून रोज मऊ भात आला, पण त्या स्वतः दवाखान्याच्या फाटकाच्या आत आल्या नाहीत. रस्त्यावरूनच माझ्या खिडकीकडे बघून हात हलवायच्या आणि लगबगीनं निघून जायच्या.

मग एका दुपारी गच्चीत कपडे वाळत घालताना त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. "इथे काहीतरी आहे. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नसेल ना?"

गाठ दिवाळीपासून होती. आता उन्हाळा लागला होता. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की दवाखान्यात नेतील.

त्याच आठवड्यात मी त्यांना उल्हासनगरच्या एका इस्पितळात नेलं. नंबराला वेळ होता. मी पाण्याची बाटली आणायला गेले, परत येते तर मंदाताई गायब. त्यांचा फोन त्यांच्या पर्समध्ये आणि पर्स माझ्या खांद्याला. गल्ल्या पालथ्या घातल्यावर त्या फर्निचर बाजारात सापडल्या. एका लोखंडी कपाटाचा भाव करत होत्या. दुकानातले सिंधी काका शेवटचा भाव सांगून सांगून थकले होते. मंदाताईंना कपाट घ्यायचं नव्हतंच, पण त्याची मूठ त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कशाला तरी धरायचं होतं."

तिथेच रसाच्या गाडीपाशी त्यांनी मला लहानपणचं सांगितलं. वडील एमआयडीसीत कामाला होते. कंपनीत भाजले म्हणून त्यांना दवाखान्यात आणलं. कुणीतरी छोट्या मंदाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि इथून हलू नकोस म्हणून बजावलं. ती हलली नाही. वडील गेल्याचं संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं. तिला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी हे डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं. घाबरू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. मंदाताईंना बसायचं नसेल तर त्यांनी व्हरांड्यात चालत राहावं, नंबर आला की सिस्टर हाक मारतील, असं ठरवून टाकलं. आणि काय करणार ते आधी सांगितल्याशिवाय तुम्हाला कुणी हात लावणार नाही, असा शब्द दिला. मंदाताई या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिल्या. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी स्ट्रेचरला नकार दिला आणि थिएटरच्या दारापर्यंत आपल्या पायांनी गेल्या.

खरी कसोटी होती केमोची. हाताला नळी लावून तासन्‌तास पडून राहायचं. मी शेजारी असायचे. त्यांचे डोळे पंख्याबरोबर फिरायचे आणि चादरीखाली पायाची बोटं चालत असायची. केस गेले त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. वासाचं मात्र फार व्हायचं. घरी फिनाइलनं लादी पुसली तरी उलटी यायची.

अशाच एका केमोच्या सकाळी त्यांनी आतून कडी लावून घेतली. मी येणार नाही, जे व्हायचं ते घरात होऊ दे, म्हणाल्या. प्राची रडायला लागली. मीही दार वाजवून पाहिलं. तेवढ्यात अरुणभाऊ रात्रपाळी करून आले. त्यांनी डबा खाली ठेवला आणि दाराला पाठ लावून जमिनीवरच बसले.

"मंदा, दवाखान्यात नको जाऊस," ते म्हणाले. "खाली रिक्षापर्यंत चल. पुढचं रिक्षात बघू."

मग कडी निघाली.

रिक्षात ते म्हणाले, नुसतं फाटकापर्यंत जाऊ. फाटकाशी म्हणाले, जिन्यापर्यंत. "मला फसवताय, कळतंय मला," मंदाताई म्हणाल्या आणि चालत राहिल्या. उरलेली केमो अशीच पार पडली. कधी अरुणभाऊंनी, कधी मी त्यांना थोडं थोडं पुढे फसवत नेलं.

उपचार संपल्यावर काही काळानं ते बिऱ्हाड बदलापूरला गेलं. मागे एकदा तिथल्या विहारात महिलांचा कार्यक्रम होता, मंदाताईंनी मला आग्रहानं बोलावलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं त्यांची ओळख करून दिली की, आमच्या ताईंनी भीतीवर मात केली. मंदाताईंनी माइक हातात घेतला.

"मात-बित काही नाही," त्या म्हणाल्या. "तपासणीच्या आदल्या दिवशी मला अजून घास उतरत नाही. भीती कुठेच गेली नाही. मीच गेले, तिला घेऊन."

बायका हसल्या. कार्यक्रमानंतर जेवण होतं. मंदाताई पंगतीत वाढत फिरल्या, मला आग्रह करून दुसऱ्यांदा खीर वाढली, पण स्वतः ताट घेतलं नाही. मी विचारलं, तेव्हा प्राचीनं हळूच सांगितलं की उद्या सकाळी आईची तपासणी आहे.