बाबांनी गाईच्या तोंडात हात घातला

गाई-म्हशी पाळणाऱ्यांनो, आज आमच्या घरी फुलसावंगीत जे झालं ते वाचाच.

कालपासून आमची गाय लाळ गाळत होती, चारा-पाणी घेत नव्हती. घशात काही अडकलं असेल म्हणून बाबांनी सकाळी तिच्या तोंडात हात घालून पाहिलं. काहीच सापडलं नाही.

मग जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिचं घोगरं हंबरणं ऐकून विचारलं, "हिले कुत्रं चावलतं काय?"

"मागच्या महिन्यात चावलतं," आई म्हणाली.

"मग रेबीज असू शकते. तोंडात हात कोणी घातला?"

कापूस वेचून बाबांच्या बोटांना चिरा पडलेल्या. साबणाने खूप वेळ हात धुऊन त्यांना दवाखान्यात नेलं.

"मले तर कुत्रं चावलंच नाही," बाबा तिथेही म्हणत होते.

"काका, लाळ जखमेत गेली तरी रेबीज होते. लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही. तुम्ही वेळेवर आले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लस आणि जखमेत टोचायचं सीरम, दोन्ही मिळालं. पुढचे डोस चुकवायचे नाहीत.

गाय बहुतेक वाचणार नाही. पण बाबा आता अंगणात बसून आईशी भांडून राह्यले आहेत, आणि मला ते ऐकत बसावंसं वाटतंय.

तुमच्याकडे जनावराने खाणं सोडलं की तोंडात हात कोण घालतं?