करडांशेजारच्या पेट्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावी पासलीत वडिलांना, दादांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि बघा, सांगायला बसलो की अजूनही अंगात हुरूप चढतो. लाज वाटायला हवी ना? वाटते. पण हुरूपही येतो, त्याला काय करू!

मालवाहू विमानात धोक्याचा माल कसा चढवायचा, ते मी नव्या पोरापोरींना शिकवतो. ॲसिड, बॅटऱ्या, रंगाचे डबे — कशाशेजारी काय चालतं, काय अजिबात नाही. विषय तसा रुक्ष. तरी माझ्या वर्गात कुणी पेंगत नाही. का? कारण जेवणानंतर मी तानाजीची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही — 'आमच्यातला एक बहाद्दर' म्हणतो.

तानाजी सारोळ्याचा. भोरच्या स्टँडवर ओळख झाली, विमानतळावर माल चढवायच्या कामाला दोघं एकदमच लागलो, एका डब्यात जेवलो. माझ्याआधी तो सगळं शिकला आणि मला शिकवलं.

त्या दिवशी विमानात करडं होती. अहो, विमानात करडं! आमच्या घरात आज्यापासून शेरडं-मेंढरं. एक शेरडू टेम्पोत चढवायचं तर आमचा जीव जायचा, आणि हितं ही परदेशी निघालेली! मी तर येडाच झालो. मोबाईल आत न्यायला बंदी — पण ऐकतंय कोण? दादांना व्हिडिओ कॉल लावला. "आरं, ह्यास्नी चारा काय घातलाय?" दादा तिकडून ओरडत होते. असे खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते.

माझ्या हातगाडीवर लसींच्या पेट्या होत्या, आत ड्राय आइस. त्याचं पाणी होत नाही, वायू होतो. वास नाही, रंग नाही, जड असतो, खाली साचतो. बसलेलं जनावर त्यात गुदमरतं. म्हणून त्या पेट्या जनावरांपासून लांब, पार दुसऱ्या टोकाला ठेवायच्या. हे मला पाठ होतं. पण तेवढं लांब जायचं म्हणजे करडं सोडून जायचं, आणि दादा तर अजून बघत होते —

मी त्या पिंजऱ्यांना चिकटूनच ठेवल्या. मी. तानाजी तेव्हा खाली पाणी प्यायला गेला होता.

दार लागलं, उड्डाण लांबलं. पुन्हा दार उघडलं तेव्हा एक करडू मान टाकून पडलेलं, बाकीची धापा टाकत होती. पेट्या कुणी ठेवल्या, साहेबांनी विचारलं. आणि मी म्हणालो, "तानाजीनं." माझ्यावर कुणाचा संशयसुद्धा नव्हता हो! इतकं चटकन कसं निघालं तोंडातून?

"आरं, म्या न्हाई," तानाजी म्हणाला. साहेबांना नाही, मला म्हणाला. मी खाली बघून पिंजरा पुसत राहिलो. त्याचं काम गेलं. मला बढती मिळत गेली.

बरं, तेवढ्यावर थांबलो? छे! ती गोष्ट मी वर्गात आणली, रंगवली, दरवेळी थोडी भर घातली. आता तिच्यात तो बहाद्दर पेटीवर बसून तंबाखू मळतो. तानाजी सुपारीसुद्धा खात नव्हता. पोरं पोट धरून हसतात, आणि खरं सांगू? मला मजा येते.

मागच्या बॅचला एक मुलगी उभी राहिली. "मी कावेरी, सारोळ्याची." पुढं बापाचं नाव सांगितलं. तानाजीची पोरगी! त्या दिवशी गोष्ट गाळता आली असती ना? कुणी अडवलं होतं? गाळली नाही. उलट इतकी कधी रंगली नव्हती! तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तानाजीनं घरी काहीच सांगितलं नसणार.

हसणं ओसरल्यावर तिनं हात वर केला. "सर, पण त्यानंच ठेवल्या हे कुणी बघितलं व्हतं का?"

"मी बघितलं," मी म्हणालो. "माझ्या या डोळ्यांनी."

"बरं सर," म्हणाली, आणि खाली बसली.