पोर्तुगीजमध्ये सापडलेली पट्टी

थोरली सून इस्पितळाच्या चौकशी खिडकीत बसायची. घरीही तिची तीच खिडकी. कुणाला काही अडलं की सासूबाई म्हणायच्या, "तिला विचारा." बारा वर्षं हा मान तिच्याकडे होता. मग धाकट्या दिराचं लग्न झालं.

सासूबाईंनी एक जुनं जपानी विणकामाचं यंत्र घेतलं होतं. दोन ओळी विणल्या की टाके गळायचे. थोरलीने फोनवर मराठीत शोधलं, तर हातावरच्या विणकामाचे धडे आले. इंग्रजीत शोधलं, तर भलत्याच कंपन्यांची यंत्रं. कुठेतरी तेल द्या असं वाचलं म्हणून ती रोज सुयांना तेल देत होती. टाके गळतच होते, वर लोकर तेलकट.

एका रविवारी धाकटीने यंत्रावरच्या जपानी अक्षरांचा फोटो काढला, तीच अक्षरं शोधात टाकली आणि चहा निवायच्या आत एका व्हिडिओतले जपानी म्हातारेबुवा फोनच्या पडद्यावर हजर झाले. त्यांनी यंत्राच्या कडेतून एक लांब पट्टी ओढून दाखवली. तिच्यातला स्पंज चपटा झाला की सुया उचलल्या जातात, टाके गळतात.

"बघा, हिने कसं चुटकीसरशी शोधलं!" सासूबाई म्हणाल्या.

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "जपानी कधी शिकलीस गं?"

"कुठलं शिकतेय, वहिनी! यंत्र जिथलं, तिथल्या भाषेत विचारलं, इतकंच. भाषांतर फोनच करतो."

इतकंच! ते 'इतकंच' थोरलीला रात्रभर टोचत राहिलं.

नवी पट्टी कुठेच मिळेना. आता ही तरी आपणच मिळवायची, असं थोरलीने ठरवलं, कुणाला न सांगता. खिडकीवर गर्दी ओसरली की ती एकच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत करून शोधात टाकायची. जर्मनमध्ये नुसत्या जाहिराती. फ्रेंचमध्ये दोन बायकांचं भांडण. पोर्तुगीजमध्ये मात्र एकीने लिहिलं होतं, जुना स्पंज खरवडून काढा आणि 'खिडकीची फीत' चिकटवा. थोरलीला वाटलं, भाषांतराची गडबड असणार. तरी घरी जाताना तिने हार्डवेअरच्या दुकानात विचारलंच. दुकानदाराने खिडकीच्या फटी बुजवायची फोमची पट्टी काढून समोर ठेवली.

ती बरोब्बर बसली. सासूबाईंनी सलग हातभर विणलं, एक टाका गळला नाही.

"दोघींनी मिळून केलंत हो!" त्या म्हणाल्या.

दोघींनी? थोरलीचा चेहरा पडला.

"कुठे सापडलं, वहिनी?" धाकटीने विचारलं.

सांगू नये असं फार वाटत होतं. पण न सांगता आपण किती शोधलं ते कळणार तरी कसं? "पोर्तुगीजमध्ये."

"अय्या! हे माझ्या डोक्यातच आलं नसतं."

धाकटी घरात आल्यापासून चार महिने थोरली हेच ऐकायला आसुसली होती. पण धाकटी ते इतक्या मोकळेपणाने बोलली, की जिंकल्याची मजाच गेली. असूया मात्र होती तिथेच राहिली.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी तुर्की भाषेतला विणकामाचा एक नमुना आणला. दोघी जावा शेजारीशेजारी बसल्या. फोन थोरलीने स्वतःच्याच हातात धरला.