पडद्यावर शून्य

धुलाई कारखान्यात तिला सगळेच ताई म्हणत, कारण पॅनेलमास्तर तिला तसं म्हणायचा आणि पॅनेलमास्तर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर तिनेच लोकांची धुणीभांडी करून त्याला वायरमन केलं. पुढचं तो आपलं आपण शिकला. मशीन चालवणारा छोटा कंप्युटर, पीएलसी, त्याच्या बोटांवर नाचायचा आणि तो मॅनेजरच्या. ताईला त्याचा अभिमान होता. अभिमान फुकट मिळतो, म्हणून गरिबाघरी तो भरपूर असतो.

ताई पिळायच्या मशीनवर होती. इस्पितळांच्या ओल्या चादरी ड्रममध्ये गरगरा फिरवायच्या, ड्रम थांबला की दार उघडून ओढून काढायच्या. थांबला की नाही हे पीएलसी ठरवायचा. ड्रमच्या दांड्यावर एक बोल्ट होता. तो सेन्सरसमोरून गेला की एक टिचकी नोंदली जायची. दोन टिचक्यांमधल्या वेळावरून वेग निघायचा. टिचकी यायची बंद झाली तरी पीएलसी लगेच विश्वास ठेवायचा नाही. चांगली वाट बघून मगच मशीनच्या पडद्यावर शून्य यायचं आणि दाराचं कुलूप सुटायचं.

ही वाट बघणं मॅनेजरच्या डोळ्यांत खुपलं. बायका नुसत्या उभ्या राहतात, म्हणाला. भावाने हिशेबच बदलून टाकला. सेकंदाभरात किती टिचक्या आल्या तेवढंच मोजायचं. एकही आली नाही तर शून्य. म्हणजे ड्रम रमतगमत फिरत असला, एका फेरीला सेकंदापेक्षा जास्त लागत असलं, तरी पडदा म्हणणार, थांबला. भावाला हे कळत नव्हतं असं नाही. बायकांना दाखवायला त्याने दार उघडलं, कसं झटक्यात उघडतं बघा म्हणाला, पण स्वतःचं नखसुद्धा आत घातलं नाही.

ताईने घातला हात. पडद्यावर शून्य होतं, आणि तो पडदा भावाचा होता.

ओल्या चादरींनी भरलेला ड्रम रमतगमत फिरला तरी माणूस ओढून नेतो. चादरीचा पीळ मनगटाला बसला. पंजा राहिला नाही.

मग कारखान्याची तपासणी करणारे साहेब आले. ताई थोटं मनगट पदरात झाकून उभी राहिली आणि म्हणाली, शून्य दिसत होतं पण ड्रम फिरत होता. भावाने मशीन चालू करून बंद केलं. ड्रम पुरता थांबला, त्यावरही बराच वेळ गेला, तेव्हा कुठे कुलूप सुटलं. भावाने बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हसत.

तो हात बघून ताईला सगळं उमगलं. हा एवढा बिनधास्त हात घालतोय म्हणजे याने आधीचा हिशेब परत आणलाय.

"साहेब, याने बदललंय," ती म्हणाली.

"ताई, मग तूच लिहून दाखव ना पीएलसी," भाऊ म्हणाला. "उरलाय एक हात."

मॅनेजर हसला. साहेबांनी हसू चहात बुडवलं. कामगाराचा निष्काळजीपणा, असं ठरलं आणि ताई घरी बसली.

काही दिवसांनी भाऊ आला. ताईची पोरगी, त्याची भाची, आईची वेणी घालत होती. ताईने विषय काढताच तो उसळला. तिचा हात तर गेलाच होता, म्हणाला, त्याची नोकरी घालवून तो काय परत उगवणार होता? मग आवाज मऊ करून सांगितलं, की मशीनवरची जागा रिकामी आहे, मॅनेजरकडे शब्द टाकलाय, पोरीला उद्यापासून पाठव.

"दार आता कसं उघडतं?" ताईने विचारलं.

"झटक्यात. मॅनेजरला तसंच लागतं."

"आणि पोरगी?"

"पोरीला मी सांगीन की. शून्य आलं तरी जरा थांब, म्हणावं. घरचीच आहे."

भाचीचे हात वेणीतच थांबले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

भावाने चपला पायात सरकवल्या. "तुला सांगितलं असतं तर तू सगळ्या बायकांना सांगत सुटली असतीस. मग दार लवकर उघडून उपयोग काय?"

पोरगी येणार नाही, आणि तूही परत येऊ नकोस, असं ताईने सांगितलं. तो गेला.

जागा काही रिकामी राहिली नाही. मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवालीच्या सुनेला ती मिळाली. ताई सकाळीच तिच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि पडद्यावर विश्वास ठेवू नकोस, ड्रम डोळ्यांनी बघ, म्हणून कळवळून सांगू लागली. इस्त्रीवालीने निखारे झटकत ऐकून घेतलं.

"तुझ्या पोरीला मिळाली नाही म्हणून पोटात दुखतंय होय?" ती म्हणाली. "तुझ्या सख्ख्या भावाने लावलंय हिला. मास्तर आहे तो. त्याचं ऐकायचं की तुझं?"

सुनेने ताईच्या मनगटाकडे एकदा बघितलं, आणि डबा उचलून निघाली. पहिल्याच दिवशी तिला उशीर करायचा नव्हता.