धोंड्याचं ताट

तिसगावात आजही सांगतात, की सुमन कॉलेजच्या नादाला लागली आणि नांदतं घर सोडून गेली. माझ्या चुलतभावाच्या पोरांनी हेच ऐकलं आहे. ते ऐकत होते तेव्हा मी तिथेच सतरंजीवर बसून सुपारी कातरत होतो. पन्नास वर्षं मी हे सांगायचं टाळलं. आता माझ्यामागे गावाला खरं सांगणारं कोणी उरत नाही, म्हणून लिहितो. गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांसाठीही.

भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकुनी मिळाली, म्हणून मी गाव सोडलं. एस.टी. सुटायच्या आधी आईनं खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं. "पोटाला खा. अन् सुमीकडं ध्यान ठिव. तिला आता बाप म्हन, भाऊ म्हन, तूच हायेस." सुमन माझी धाकटी बहीण. मॅट्रिक झाली त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न राहात्याच्या एका बागाईतदाराशी लावून दिलं होतं. पाटाचं पाणी, पेरूची बाग. आम्हा कोरडवाहू माणसांचे डोळे दिपले. त्या बागेतल्या घरात काय चालतं, हे विचारायला आम्ही कोणी गेलो नाही.

मग एक दिवस ती माझ्या भिंगारच्या खोलीच्या दारात उभी राहिली. डावा कान सुजून लाल झालेला, मानेवर वळ. दाजींनी मारलं होतं, आणि पहिल्यांदा नव्हे. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तू काय केलंस?"

तिनं तांब्या खाली ठेवला.

आधार तिला मी दिला नाही, तो तिनं स्वतः शोधला. नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुवायची नोकरी मिळवली. तिथल्या मुलींच्या वसतिगृहावर एक रेक्टर बाई होत्या, एकट्या राहणाऱ्या, आवाजाला करड्या. त्यांनी सुमनला वसतिगृहात खोली दिली, कान दाखवायला दवाखान्यात नेलं. त्या कानानं पुन्हा ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी पहारेकऱ्याला ताकीद दिली, की राहात्याचा कोणीही आला तरी फाटकाच्या आत घ्यायचा नाही. जूनमध्ये तिचं नाव पहिल्या वर्षाला घालायचंही ठरलं. एका रविवारी सुमन मला म्हणाली, "दादा, बाईंनी मला एवढंच विचारलं, आज रातीला कुठं झोपनार? तू काय केलंस, असं न्हाई विचारलं."

मला ते लागलं. पण लाज वाटण्याऐवजी रागच आला. कचेरीत लोक विचारायला लागले होते, बहीण सासरी का नाही?

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. आमच्याकडे अधिकात जावयाला जेवायला बोलावतात. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, नवं धोतर, ताटात दिवा. जावई म्हणजे त्या दिवशी देवच. आई तिसगावाहून गूळ आणि डाळ घेऊन भिंगारला आली. विहिरी आटल्या होत्या, गावात माणसं खडी फोडायला जात होती, आणि ही बाई जावयासाठी पुरण घालणार होती. "मान दिला की मानूस वितळतं," ती म्हणाली. "त्याला धोंड्याला न्हाई बोलावलं तर पोरीचं दार कायमचं बंद व्हईल." मी राहात्याला निरोप धाडला. सुमनला एवढंच कळवलं, की आई आली आहे, जेवायला ये.

ती आली तेव्हा दाजी पाटावर बसले होते आणि मी त्यांचे पाय धूत होतो. ज्या पायांनी त्यांनी तिला उंबऱ्याबाहेर लोटलं होतं, तेच. सुमन दारात थांबली. "दादा, ऊठ," ती हळूच म्हणाली.

मी उठलो नाही. पंच्यानं पाय पुसले.

"सुमे, वाढ जावयाला," आई म्हणाली. तिनं वाढलं. दाजी हसून म्हणाले, "कालेजात भांडी घासती म्हनं. आमच्यात काय खरकटं कमी हाय व्हय?"

"तुमचं खरकटं काढता काढता एक कान गेला," सुमन म्हणाली. "दुसरा मला लागतोय, शिकायला."

आईनं कपाळावर हात मारला. सुमन चपला घालून निघून गेली, न जेवता. त्यानंतर दाजींनी धोंडा मोडत मला सहज विचारलं, "कुठलं म्हनायचं हे कालेज?" पाटावर बसलेल्या जावयाला नाही कसं म्हणायचं? मी नाव सांगितलं. वसतिगृहाचं फाटक कुठल्या बाजूला आहे, तेसुद्धा सांगितलं.

आठवडाभरात ते भावांना घेऊन त्या फाटकावर गेले. सुमनबद्दल आणि बाईंबद्दल नको नको ते ओरडले. मुली गच्चीवरून बघत होत्या. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. बाई तिथेच उभ्या होत्या. प्राचार्यांनी विचारलं, "तुम्ही सख्खे भाऊ. हिला मारहाण होते, हे खरं?" माझ्या एका 'हो'वर तिची नोकरी, खोली, शिक्षण सगळं अडलं होतं. मी म्हणालो, "घरगुती कुरबुर आहे साहेब. घरात मिटेल. बाईंनी मध्ये पडू नये."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुमनला कामावरून काढलं. बाईंनीच तिला नागपूरला आपल्या बहिणीकडे पोचवलं. तिथे ती शिकली, आणि पुढे मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर झाली. नांदतं घर तिनं सोडलं नाही, ते घर नांदतं नव्हतंच. आणि माहेर तिला सोडून गेलं. गावात पसरलेली गोष्ट आम्हीच पसरवली, कारण ती सोयीची होती.

मीही पुढे भिंगार सोडलं, पुण्यात बदली मागून घेतली. कोणी विचारलं तर अजून 'तिसगावचा' म्हणतो. घर म्हटलं की मात्र मला मी कधीच न राहिलेली एक जागा आठवते, नगरची ती वसतिगृहातली खोली. घर म्हणजे काय, हे त्या खोलीत कोणाला तरी ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर एकदा नागपूरला गेलो. सुमनचे केस पांढरे झाले होते. तिनं दारात पाय धुवायला पाणी दिलं, चहा केला. ओसरीवर आम्ही बाकावर बसलो. कोणत्या बाजूला बसायचं, हे मला नीट ठाऊक होतं. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो.

समोर मुली कपडे वाळत घालत होत्या. मी खाली मान घालून, पुटपुटल्यासारखं म्हणालो, "सुमे, मी त्या दिवशी उठायला पाहिजे होतं. माफ कर."

तिला माझे ओठ हलल्यासारखे वाटले असावेत. तिनं मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणालास, दादा? त्या कानानं येत नाही मला."

"काही नाही," मी म्हणालो. "चहा चांगला झालाय."