पहिले तू खाय

"पहिले तू खाय."

नाना हे म्हणाले तेव्हा भाताची वाफ अजून गेली नव्हती. मी शाळेच्या किचनशेडच्या पायरीवर बसले होते. समोर कागदी प्लेट. शाळेत स्टीलची ताटं ढिगानं आहेत, रोज मीच घासते ती. पण नाना म्हणाले, शाळेचं ताट हिला नको. मग कुणीतरी पळत जाऊन दुकानातून कागदी प्लेट आणली. अंगणात माणसंच माणसं. मोबाईल वर धरलेले. पोरं व्हरांड्यात ओळीनं बसलेली, आणि त्या ओळीत माझी रोशनी. चौथीत आहे ती.

मी खाल्लं.

"आजून खाय," मागून एक बाई बोलली. "एक घासमा काय कळस?"

मी अजून खाल्लं. प्लेट पुसून खाल्ली. मग सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी पडते का, फेस येतो का, ते बघत होते. वारा नव्हता. उन्हात बसल्यानं डोकं तापलं होतं, तेवढंच आठवतं.

रडू आलं का, राग आला का, असं नंतर आमच्या भिलाटीतल्या, भिल्लांच्या वस्तीतल्या, बायकांनी विचारलं. काहीच आलं नाही. खोटं कशाला बोलू? घशाखाली भात गेला तेवढा कळला. चव कळली नाही.

झालं होतं ते असं. सरकारनं शाळेच्या तांदळात दुसरे दाणे मिसळायचा नियम केला. औषधी दाणे. रक्त वाढावं म्हणून. चांगलंच आहे, नाही कुठे म्हणते मी? पण तो तांदूळ शिजवते कोण, तर मी. आणि मला कुणी सांगितलं नाही. पोतं आलं, त्याच्यावर निळा शिक्का होता, एवढंच. तांदूळ निवडायला घेतला तर मधे मधे वेगळेच दाणे. जास्त पांढरे, पाण्यात टाकले की वर येणारे. मला वाटलं तांदूळ खराब आहे. मी ते वेचून टाकत होते. मान मोडेपर्यंत वेचायची आणि उकिरड्यावर टाकायची. ज्याच्यासाठी एवढा नियम झाला तेच मी कोंबड्यांना घालत होते. कोंबड्यांचं रक्त वाढलं असेल.

सगळे काही वेचले जात नाहीत. एका पोरानं उरलेला भात डब्यातून घरी नेला. त्याची आई कल्पना, पाटील गल्लीतली, तिनं तो पाण्यात टाकून बघितला. प्लास्टिकच्या तांदळाचा व्हिडिओ तिच्या मोबाईलवर आधीच आलेला होता. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन ती शाळेत. मागे अर्धं गाव.

"दखा नाना, पानीवर तरंगस. पिलास्टिक शे हाई!"

नाना म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी वाटीत बघितलं, मग किचनशेडकडे.

"भात कोन करस? हाईच ना? मंग हिलेच इचारा."

किचनमध्ये आम्ही दोघी. सुमनअक्का आणि मी. अक्का गावातल्या, पाटलांच्या. त्या वाढतात. चुलीपुढे मी, भांडी मी, झाडू मी. वाढायला मी नाही. असं कुणी कागदावर लिहिलेलं नाही, पण पहिल्या दिवसापासून तसंच आहे. पूर्वी आमच्या सासूला गावात वरून पाणी ओतायचे, विटाळ म्हणायचे. आता तो शब्द कुणी काढत नाही. आता म्हणतात स्वच्छता. अक्का स्वच्छ आहेत ना, मग अक्काच वाढतील. अक्कांना अहो-जाहो, मला अगं-तुगं. नानांच्या केळीत निंदायला जाते तेव्हा मात्र माझे हात चालतात.

त्या दिवशी पोतं कुणी पाठवलं हे कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. अक्का दाराआड उभ्या होत्या. आणि हेडमास्तर सर नानांच्या शेजारी खुर्चीवर.

सरांनीच शेवटी मला सांगितलं, "खा गं. एकदा खाऊन दाखव म्हणजे विषय संपला."

म्हणून मी खाल्लं.

मी मेले नाही. तासाभरानं लोक पांगले. कल्पना वाटी तिथेच सोडून गेली, ती मी घासून ठेवली. भांडी घासत होते तेव्हा सर मोरीपाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "मला माहीत होतं गं. प्लास्टिक नाही ते. चोपड्याला, तालुक्याच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं आम्हाला. पण लोक भडकलेले. माझं ऐकलं नसतं कुणी."

मी पातेलं घासत राहिले. तळाला भात लागला होता, तो खरवडत होते. सर निघून गेले. त्यांना माहीत होतं. खुर्चीवर बसून माहीत होतं. तेव्हाही मला काही वाटलं नाही. पातेलं स्वच्छ निघालं.

असं बधिर होऊन माणूस किती दिवस काढेल? मी तर सगळा जन्म काढला असता. सवयच तशी.

पण संध्याकाळी घरी भात केला. रेशनचा तांदूळ. वर तुरीचं वरण. रोशनीचं ताट तिच्यापुढे ठेवलं. तिनं हात लावला नाही. ताट माझ्याकडे सरकवलं.

"माय, पहिले तू खाय."

चिडवून नाही. घाबरूनही नाही. हात धुऊन जेवायला बसावं, इतकं साधं म्हणाली. शाळेत बघितलं, शिकली. माझ्या हातचं खायचं तर आधी मी खाऊन दाखवायचं. माझीच पोर. माझ्याच चुलीपुढे.

त्या वेळी वाटलं. मी घास घेतला, तिला दाखवून गिळला. मग ती जेवली. पोटभर जेवली. मला दुसरा घास गेला नाही.

सकाळी किचनमध्ये गेले. चुलीच्या वर भिंतीवर नियम रंगवलेले आहेत. निळ्या अक्षरात. गॅस आला होता, पण साहेब येणार असतील तेव्हाच सिलिंडर समोर येतो, एरवी कपाशीच्या काड्या. म्हणून अक्षरं धुरानं काळवंडलेली. तरी वाचता येतात. मी आश्रमशाळेत शिकलेली आहे. नखं कापावीत. डोक्यावर टोपी घालावी. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. हे सगळं मी करत आले. टोपी माझ्या डोक्यावर. नखं माझी तपासायची, तीही पोरांसमोर. दाखला आणायला चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात मी एकटी गेले. अक्कांना कुणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. नियम म्हटला की तो आमच्याच अंगावर येणार, हे आईच्या दुधाबरोबरच प्यायलेली.

त्याच भिंतीवर शेवटची ओळ आहे. आहार वाटण्यापूर्वी मुख्याध्यापक, समिती सदस्य व पालक यांनी चव घ्यावी.

ही ओळ मी रोज वाचत होते. पण तो नियम त्यांच्यासाठी आहे हे डोक्यात आलंच नव्हतं. भिंतीवरचे सगळे नियम मी माझ्याच समजून बसले होते. सर रोज चव घेतल्याची सही करतात. जेवतात मात्र घरच्या डब्यातलं. अक्का पदराला बांधून भाकर आणतात. नानांनी शाळेतलं पाणीसुद्धा कधी प्यायलं नाही. आणि खाऊन दाखवायला कोण? मी. कागदी प्लेटमध्ये.

त्या दिवशी खिचडी केली. नीट केली, जिरं जास्त घातलं. सगळे दाणे तसेच राहू दिले, एकही वेचला नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात.

अक्का वाढायला आल्या. "सरक गं."

"थांबा अक्का. सर चव घेतील."

सर आले. "आज हे काय नवीन?"

"नवीन नाही सर. भिंतीवरच आहे."

"अक्का बघतील चव."

"अक्का माझ्या हातचं खात नाहीत. विचारा त्यांना."

अक्कांचा हात पदराला बांधलेल्या भाकरीवर गेला. सर जरा लाल झाले. मग त्यांनी पोरांकडे हात केला. पोरं ताटं घेऊन बसली होती. "ती लेकरं उपाशी बसलीत. पाप लागेल तुला."

इथे मी डगमगले. खरं सांगते. त्यात आमच्या भिलाटीतली पोरं होती, सकाळपासून एक कप काळ्या चहावर आलेली. रोशनी होती. गरम झाकणानं तळहात भाजत होता. वाटलं, सोड. रोजचंच आहे. मग रोशनीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, कालच्यासारखीच.

"पोरांना मी अडवत नाही सर," मी म्हटलं. "तुम्ही घास घेतला की झाकण निघालं."

सरांनी नानांना फोन लावला. मोटारसायकल लगेच आली. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"माले आज उपास शे."

"कसाना उपास, नाना?"

मी विचारलं. त्यांच्या बोलीत, त्यांच्या डोळ्यात बघून, पहिल्यांदाच. एक मास्तरीणबाई तोंडाला पदर लावून वळल्या.

शेवटी सरांनी चमचा मागितला. मी स्टीलच्या ताटात वाढलं, शाळेच्या. त्यांनी चार शितं उचलली आणि कडू गोळी गिळावी तशी गिळली. मी झाकण काढलं. त्या दिवशी वाढलंही मीच. अक्का बाजूला उभ्या राहिल्या. एका पोरानंही ताट मागे घेतलं नाही. पोरांना भूक लागली होती.

नानांनी जाताना मोटारसायकलवरूनच सांगितलं, "जूनमा दखसू तुले."

जूनमध्ये काय, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये आमची नेमणूक पुन्हा होते आणि ती समितीच्या हातात असते. माझ्या जागी दुसरी येईल. स्वच्छ असेल ती. सरही हल्ली माझ्याशी बोलत नाहीत. रोज येतात, एक चमचा घेतात, जातात. अक्का अजून भाकरच आणतात. काही बदललं नाही, असं म्हटलं तरी चालेल. तळहाताला फोड आला होता, तो बरा झाला. आतला सुन्नपणा गेलेला नाही. कधी कधी मीठ घातलं की नाही तेही आठवत नाही.

पण एक पक्कं केलं आहे. काढलं तर काढू देत. रोशनी त्या शाळेत आहे तोवर मी पालक आहे, आणि भिंतीवर पालकही लिहिलेलं आहे. चूल काढून घेतील. ती ओळ काढून घ्यायची तर भिंत पाडावी लागेल. मी रोज जेवणाच्या सुट्टीआधी त्या पायरीवर जाऊन उभी राहीन. टोपी नसेल डोक्यावर. समोरून सर येऊ देत, नाना येऊ देत. मी शाळेचं ताट त्यांच्यापुढे धरीन आणि रोशनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणेन,

"पहिले तुम्ही खा."